बंदोबस्त कुणासाठी?

नरखेड तालुक्यातील दोन घटना आम्ही शेजारी शेजारी ठेवतो. वाचकांनी त्या तशाच वाचाव्यात.

पहिली घटना १८ नोव्हेंबर २०२४ ची. विधानसभा निवडणुकीच्या प्रचाराचा तो शेवटचा दिवस. नरखेडची सभा आटोपून माजी गृहमंत्री अनिल देशमुख काटोलकडे परतत असताना वाटेत त्यांच्या गाडीवर दगडफेक झाल्याची बातमी आली. रक्ताने माखलेला सदरा आणि गाडीची फुटलेली काच साऱ्या महाराष्ट्राने त्याच रात्री टीव्हीवर पाहिली. पोलीस यंत्रणा रात्रीतून कामाला लागली. त्या घटनेवरून पुढे बरेच राजकारण झाले, आरोप-प्रत्यारोप झाले. तो आमचा विषय नाही. आमचा विषय एवढाच आहे की, यंत्रणा धावली.

दुसरी घटना मे २०२० च्या अखेरची. टाळेबंदीचे दिवस. याच तालुक्यातील थडीपवनी येथे एका गॅस एजन्सीसमोर आंबेडकरी चळवळीतील एका तरुण कार्यकर्त्याशी वाद झाला आणि दोन दिवसांत तो तरुण मेला. कीटकनाशक प्याल्याने मृत्यू, आत्महत्या, असे पोलिसांचे म्हणणे. मारहाण झाली, घातपात झाला, असे घरच्यांचे आणि कार्यकर्त्यांचे म्हणणे. सुरुवातीला झाली ती अकस्मात मृत्यूची नोंद. गुन्हा आणि अॅट्रॉसिटीची कलमे आली ती आंबेडकरी संघटनांनी राज्यभर आवाज उठवल्यानंतर. त्या वेळी राज्याचे गृहमंत्री कोण होते? याच मतदारसंघाचे आमदार, हेच अनिल देशमुख. म्हणजे गृहखाते मुंबईत नव्हते, ते घरात होते. तरीही एक साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी आपल्या माणसांना रस्त्यावर यावे लागले.

अनिलबाबूंचे नाव घेऊन आम्हाला कुणा एका व्यक्तीवर दोष टाकायचा नाही. गृहमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, गावच्या ठाण्यात आपल्या माणसाला बसायला खुर्ची मिळत नाही, हा आमचा अनुभव आहे. पण मंत्र्यांच्या संरक्षणाला, मोर्चांच्या बंदोबस्ताला आणि ‘दहशतवादा’च्या बिमोडाला मात्र या राज्यात एकाहून एक खास पोलीस दले उभी आहेत. ही दले कुणासाठी राबतात आणि कायद्याने ती कुणासाठी राबायला हवीत, याचा हिशेब आंबेडकरी जनतेने एकदा मांडला पाहिजे.

यादी मोठी आहे. सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत मोठे दल म्हणजे राज्य राखीव पोलीस दल, आपल्या भाषेत एसआरपी. १९४८ साली ते उभे राहिले आणि १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने त्याला वेगळी चौकट मिळाली. नागपुरात हिंगणा रोडवर त्याचा गट क्रमांक ४ आहे. १९९० साली गडचिरोलीत सी-६० आले. २००४ साली दहशतवादविरोधी पथक म्हणजे एटीएस झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर दुसऱ्याच वर्षी फोर्स वन उभारण्यात आले. त्याखेरीज शीघ्र कृती दल, दंगल नियंत्रण पथक, आणि अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या रक्षणासाठी एसपीयू. एक्स, वाय, झेड, झेड प्लस अशी सुरक्षेची प्रतवारी तर शाळकरी पोरालाही पाठ आहे. अमुक नेत्याची वायची झेड झाली, तमुक नेता रुसला म्हणून त्यालाही कमांडो मिळाले, अशा बातम्या आपण चहासोबत वाचतो. (वर्णव्यवस्थेची सवय असलेल्या देशात सुरक्षेतही वर्ण निघावेत, याचे आम्हाला फारसे नवल वाटत नाही.)

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आम्ही वर्दीच्या विरोधात नाही. नरखेड, जलालखेडा, मोवाड, सावरगाव, कुठल्याही गावात पहाटे जा. संत्र्याच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर पोरे धावताना दिसतील. जिल्हा पोलिसात भरती व्हायचे तर सोळाशे मीटर, एसआरपीत जायचे तर पाच किलोमीटर. त्यात आपली पोरे आहेत. बुद्धविहाराच्या आवारात गोळाफेकीचा सराव करणारी पोरे आहेत. पदवी घेऊन घरी बसलेल्या, बागेत तोडणीला जाणाऱ्या आई-बापाच्या त्या पोरांना वर्दीशिवाय दुसरे दार आज उघडे दिसत नाही. २०२० साली शेजारच्या काटोल येथे महिलांच्या स्वतंत्र राखीव पोलीस बटालियनला सरकारने मंजुरी दिली, १,३८४ पदांची. तेव्हा आमच्या ओळखीच्या किती तरी मुलींनी बूट विकत घेतले. आम्हाला त्याचा आनंदच झाला. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या समाजाची लष्करभरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आपल्या पूर्वजांनी अर्ज-विनंत्या केल्या. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. सुभेदार रामजींच्या मुलाला वर्दीचे मोल कुणी सांगायला नको होते. आपली माणसे दलात असली पाहिजेत, अधिकारी म्हणून असली पाहिजेत, हे आमचे ठाम मत आहे. पण वर्दीतला आपला पोरगा हुकूम पाळतो, हुकूम देत नाही. हुकूम कोण देतो आणि चुकीच्या हुकमाचा जाब कोण देतो, तिथे खरी गोम आहे.

यासाठी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरकडे पुन्हा एकदा जावे लागते. अठरा-वीस वर्षांच्या पिढीला ही हकीकत ऐकून ठाऊक आहे, तपशिलाने ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

११ जुलै १९९७. सकाळी वस्तीतील बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार दिसला. लोक घराबाहेर आले, पूर्व द्रुतगती महामार्ग अडवला गेला. एसआरपीची एक तुकडी आली. तिचा प्रमुख होता उपनिरीक्षक मनोहर कदम. थोड्याच वेळात गोळीबार झाला. दहा माणसे मेली, सव्वीसच्या आसपास जखमी झाली. मेलेल्यांत शाळकरी पोरगा होता. वस्तीच्या तोंडाशी उभे असलेले लोक होते, काय गडबड आहे ते पाहायला आलेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, लोकशाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात गळफास घेतला. त्या दहांत आम्ही त्यांनाही धरतो.

सरकारने सांगितले की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, ते पेटले असते तर मोठा अनर्थ झाला असता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोग बसला. १९९८ च्या अहवालात आयोगाने टँकरची गोष्ट मानली नाही. गोळीबार असमर्थनीय होता, असा निष्कर्ष आयोगाने काढला. पुढे खटला उभा राहिला. ७ मे २००९ रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयाने कदमला सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. बारा वर्षे लागली. आणि थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयातून जामीन मिळून तो बाहेर आला. रमाबाई नगरातली माणसे दरवर्षी ११ जुलैला स्मारकापाशी जमतात, तेव्हा त्यांना त्या जन्मठेपेचे काय झाले हे विचारून पाहा.

आता वकील म्हणून सांगतो. बेकायदा जमाव पांगवण्याची पद्धत कायद्यात लिहिलेली आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे १२९ ते १३२ होती, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेची १४८ ते १५१ आहेत. नाव बदलले, गाभा तोच. आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा. हुकूम लोकांच्या कानावर गेला पाहिजे. न ऐकल्यास बळाचा वापर, तोही लागेल तेवढाच. लाठी आहे, अश्रुधूर आहे. बंदूक ही शेवटची. हा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, ठाण्याचा प्रभारी देऊ शकतो, आणि तो नसेल तर उपनिरीक्षक दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी देऊ शकतो. म्हणजे दहा जिवांचा निर्णय घ्यायला कायद्याने एका उपनिरीक्षकाच्या दोन फुल्या पुरतात. शेवटचे कलम मात्र फार विचारपूर्वक लिहिले आहे. या कलमांखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय अधिकाऱ्यावर खटलाच भरता येत नाही. ज्याच्या हुकमतीखाली गोळी सुटली, त्याचीच परवानगी घेऊन गोळीचा जाब विचारायचा. इंग्रजांनी हे कलम आपल्या सोयीसाठी केले होते हे आम्ही समजू शकतो. स्वतंत्र भारताने ते दोनदा, १९७३ आणि २०२३ साली, पुन्हा का लिहून घेतले हे मात्र संसदेतल्या आपल्या राखीव जागांवरच्या खासदारांना विचारले पाहिजे.

राखीव दलाची अडचण आणखी एक आहे, ती कुणी बोलत नाही. ठाण्याचा पोलीस निदान वस्ती ओळखतो. कोण म्हातारा शब्द टाकला तर पोरांना मागे घेईल, कोणत्या विहारात भन्तेजी आहेत, कोणती ताई महिलांना समजावेल, हे त्याला ठाऊक असते. राखीव दलाची तुकडी बाहेरून येते. तिला वस्ती म्हणजे फक्त जमाव दिसतो. तिला जमाव पांगवायला शिकवले आहे, जमावाशी बोलायला शिकवलेले नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळावर आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चाचे काय झाले? मॉरिस कॉलेज टी-पॉईंटजवळ हजारो माणसे बायका-पोरांसह थांबली होती. त्यांना भेटायला कुणी मंत्री आला नाही. लाठी चालली, पळापळ झाली आणि ११४ माणसे चेंगरून मेली, त्यांत बहुतेक बायका आणि लेकरे. न्यायमूर्ती दाणी आयोगाने कुणालाच दोषी धरले नाही. एक मंत्री पाच मिनिटे बाहेर आला असता तर पुरे होते. त्यासाठी कोणत्याही खास दलाची गरज नव्हती.

आणि मग खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात एका बौद्ध कुटुंबातील आई, तरुण मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. त्या संध्याकाळी तिथे पोलीस नव्हते. आंधळगावच्या ठाण्याला त्या कुटुंबावरचा धोका आधीपासून ठाऊक होता. महिनाभर वर्तमानपत्रांना जाग नव्हती. नोव्हेंबरात आपला समाज रस्त्यावर आला, भंडारा, नागपूर, कामठी, अमरावती, यवतमाळ. आणि मग पोलीस आले. उत्तर नागपूरच्या वस्त्यांत आले, घरात शिरले. अमरावतीत गोळीबार झाला, एक तरुण गेला. गृहमंत्री आर. आर. पाटील यांना या आंदोलनामागे नक्षलवादी दिसले. चार माणसांना वाचवायला एक शिपाई नव्हता, पण त्यांच्यासाठी रडणाऱ्यांना आवरायला तुकड्या होत्या. योगायोग पाहा. या हत्याकांडाच्या बरोबर एक आठवडा आधी, २२ सप्टेंबर २००६ ला, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग प्रकरणात निकाल देऊन सांगितले होते की तपासाचे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस वेगळे करा. या निकालाला किती वर्षे झाली ते वाचकांनीच मोजावे. आपल्याकडे आजही तोच अधिकारी तपास करतो आणि तोच बंदोबस्ताला जातो.

हे तालुक्याच्या पातळीवर कसे घडते? अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये आणि तो साठ दिवसांत पुरा व्हावा, असे १९९५ च्या नियमांतील नियम ७ सांगतो. नियम चांगला आहे. पण पोलीस उपविभागाला असा अधिकारी असतो एकच. मंत्री आला, तो ताफ्यात. गणपती-दुर्गा, तो मिरवणुकीत. निवडणूक, तो मतदान केंद्रांवर. डिसेंबरात नागपूरचे हिवाळी अधिवेशन, तर आसपासच्या तालुक्यांची ठाणी निम्मी रिकामी. विदर्भातल्याच एका तालुक्यातून एक मावशी आमच्याकडे आल्या होत्या. घरावर दगड पडले, मुलाला मारले, गुन्हाही नोंदला गेला. पण साक्षीदारांचे जबाब होईनात. ठाण्यात गेल्या की एकच उत्तर, ‘साहेब बंदोबस्तात आहेत.’ तीन आठवडे साहेब बंदोबस्तात. तोवर गावातल्या पाटलाच्या माणसाने दोघा साक्षीदारांची भेट घेतली होती. जबाब झाले तेव्हा त्या दोघांनाही काही दिसलेले नव्हते.

बंदोबस्त नको, असे आम्ही म्हणत नाही. बंदोबस्त कसा असावा हे याच सरकारने दाखवून दिले आहे. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला अभिवादनासाठी आलेल्या आपल्या बांधवांवर हल्ले झाले, गाड्या जळाल्या, तेव्हा पोलीस अपुरे पडले. पुढच्या वर्षापासून तिथे हजारोंचा पोलीस ताफा लागू लागला आणि लाखो लोक शांतपणे येऊन जाऊ लागले. म्हणजे जमते. मनात आणले तर जमते. मग २०१८ च्या १ जानेवारीला का जमले नाही? त्या हल्ल्यानंतर, ३ जानेवारीच्या महाराष्ट्र बंदनंतर, वस्त्यावस्त्यांत कोंबिंग करून आपली पोरे उचलायला मात्र मनुष्यबळ कमी पडले नाही. परभणीत तेच झाले. १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, मग पोलिसांनी वस्त्यांत धरपकड केली. धरलेल्यांपैकी कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. त्याच्या आईसाठी अॅड. प्रकाश आंबेडकर स्वतः कोर्टात उभे राहिले, आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. गुन्हा नोंदवू नये म्हणून सरकार दिल्लीपर्यंत जाते.

दहशतवादविरोधी यंत्रणेची कहाणीही आपल्याला परकी नाही. कवी आणि संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याला पकडले. तीन वर्षांहून अधिक तुरुंगात ठेवून २०१४ साली ते निर्दोष सुटले. जून २०१८ मध्ये पुन्हा अटक, जामीन जानेवारी २०२५ मध्ये. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, जे आपल्या पोरांचे खटले लढत असत, त्यांना ६ जून २०१८ रोजी अटक झाली. प्रा. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, शरण जावे लागले. आणि जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातील ‘बेकायदेशीर कृत्य’ या शब्दांची व्याख्या इतकी सैल आहे की मोर्चाला निघालेला माणूस तिच्यात बसतो का, हे मोर्चा निघाल्यावरच कळेल. खऱ्या दहशतवाद्याला जिवंत कुणी पकडले, हेही आठवून पाहा. २६/११ च्या रात्री कसाबला धरणारे तुकाराम ओंबळे कोणत्याही खास दलाचे नव्हते. ते डी. बी. मार्ग ठाण्याचे सहायक फौजदार होते, त्यांच्या हातात लाठी होती.

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिथे येतो.

अॅट्रॉसिटी कायद्याखालचे १९९५ चे नियम आपल्या किती कार्यकर्त्यांनी मुळापासून वाचले आहेत? नियम ३ काढा. राज्य सरकारने कोणत्या भागांत अत्याचार झाले आहेत किंवा होण्याची भीती आहे, ते भाग शोधून काढावेत. तिथल्या कायदा-सुव्यवस्थेचा जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांनी आढावा घ्यावा. गरज पडल्यास तिथल्या सवर्णांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत. आणि त्या भागात विशेष पोलीस दल तैनात करावे. होय, विशेष पोलीस दल. हे शब्द नियमात आहेत. या देशात मंत्र्याला कमांडो मिळतो तो सुरक्षा समितीच्या मेहेरबानीने. आपल्या वस्तीला विशेष पोलीस मिळायला हवेत ते संसदेने केलेल्या कायद्याखालच्या नियमाने. आणि तरीही आयुष्यभरात विशेष पोलीस आपल्या वस्तीकडे तोंड करूनच उभे राहिलेले आपण पाहिले. वस्तीकडे पाठ आणि गावाकडे तोंड करून उभे राहिलेले किती वेळा पाहिले?

दुसरे कलम १५-अ. २०१५ च्या दुरुस्तीने ते आले, २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. पीडित, त्याचे नातेवाईक आणि साक्षीदार यांना धमकी, दबाव आणि हिंसेपासून संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. महाराष्ट्राने २०१७ साली साक्षीदार संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगर जिल्ह्यातील खर्डा येथील खटल्याचा निकाल लागला. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिथे आपल्या एका शाळकरी मुलाला मारून झाडाला लटकवले होते. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि आरोपी सुटले. शाळेतल्या माणसांनी काही पाहिले नव्हते. त्या साक्षीदारांपैकी किती जणांच्या दारात एक शिपाई उभा होता?

साक्षीदाराला झेड प्लस नको. ज्या दिवशी कोर्टात साक्ष आहे त्या दिवशी त्याला गावातून घेऊन येणारा आणि परत सोडणारा एक पोलीस हवा, आणि पुढचे दोन महिने गावात फेरी मारणारी एक गाडी. एका मंत्र्याच्या ताफ्यातली एक जीप कमी केली तरी नरखेड तालुक्याचे काम भागेल.

नागरी हक्क संरक्षण विभाग नावाचे एक पोलीस खातेही या राज्यात आहे, हे अनेकांना माहीत नसते. विशेष पोलीस महानिरीक्षक त्याचे प्रमुख असतात. अत्याचाराच्या गुन्ह्यांवर देखरेख ठेवणे हे त्याचे काम. फोर्स वनला प्रशिक्षण आहे, शस्त्रे आहेत. या विभागाकडे कागद आहेत. अधिकाऱ्यांच्या वर्तुळात तिथली बदली कशी समजली जाते, ते पोलिसातल्या आपल्या कोणत्याही माणसाला खासगीत विचारा. तो हसेल.

हे सगळे वाचून पुन्हा एक मोर्चा काढू, असे कुणाच्या मनात येईल. काढावाच. पण त्याआधी थोडे कागदाचे काम करू. नियम १७-अ प्रमाणे प्रत्येक उपविभागात उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. नरखेड तालुक्याचा उपविभाग काटोल. आम्ही माहिती अधिकारात एक अर्ज तयार केला आहे, तो येत्या आठवड्यात देणार आहोत. त्यात चार प्रश्न आहेत. नरखेड तालुक्यातील कोणती गावे नियम ३ खाली अत्याचारप्रवण म्हणून नोंदली आहेत? नोंदली नसतील तर आढावा शेवटचा कधी झाला? गेल्या पाच वर्षांत तालुक्यातील किती फिर्यादींनी व साक्षीदारांनी कलम १५-अ खाली संरक्षण मागितले आणि किती जणांना मिळाले? आणि त्याच पाच वर्षांत उपविभागातील अॅट्रॉसिटीच्या तपास अधिकाऱ्याचे किती दिवस बंदोबस्तात गेले?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ठाण्याच्या स्टेशन डायरीत असते. ज्या गावांत गेल्या पाच वर्षांत वाद झाला आहे, विहाराच्या जागेवरून, स्मशानभूमीवरून, जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून, बागेतल्या मजुरीवरून, तिथल्या कार्यकर्त्यांनी एफआयआरची प्रत, एफआयआर घेतला नसेल तर दिलेल्या तक्रारीची पोच, आणि पोचही दिली नसेल तर तक्रार घेऊन ठाण्यात गेल्याची तारीख व वेळ एका कागदावर लिहून आमच्याकडे द्यावी. नरखेडच्या कोर्टात आम्ही तारखेला असतो. न भेटल्यास बाररूममध्ये ठेवून जावे.